तुसातला तांदूळ : जे. सी. कुमारप्पा यांची गोष्ट

फेब्रुवारी १९३८. सुरत जिल्ह्यात, तापीच्या काठी, बारडोली तालुक्यातल्या हरिपुरा नावाच्या छोट्याशा गावात काँग्रेसचं एक्कावन्नावं अधिवेशन भरलं होतं. विठ्ठलभाई पटेलांच्या नावानं तिथे 'विठ्ठलनगर' उभं राहिलं, तेही बांबू आणि गवताचं. नंदलाल बोस यांनी त्याच्या कमानींसाठी आणि मंडपांसाठी गावातली साधी माणसं रंगवली : वादक, सुतार, घरकामात गुंतलेल्या बाया. ही चित्रं आज 'हरिपुरा पोस्टर्स' म्हणून ओळखली जातात.

या अधिवेशनात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालू होत्या. व्यासपीठावरून अध्यक्ष सुभाषचंद्र बोस स्वतंत्र भारतासाठी नियोजन मंडळ आणि मोठे उद्योग यांची आखणी मांडत होते. आणि त्याच नगरात गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन उघडलं होतं. एकीकडे उद्याचे कारखाने, दुसरीकडे चरखा, घाणी, जातं.

यातल्या ग्रामोद्योगांचा विचार ज्या माणसानं सगळ्यात काटेकोरपणे मांडला, तो शेतकरी नव्हता, कारागीरही नव्हता. तो लंडनमध्ये शिकलेला अकाउंटंट होता आणि ख्रिस्ती होता. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, म्हणजेच जे. सी. कुमारप्पा. आज कॉलेजात, सोशल मीडियावर, अगदी फूड डिलिव्हरीच्या ॲपवरसुद्धा 'सस्टेनेबल पॅकेजिंग' हा शब्द येता-जाता कानावर पडतो. प्लास्टिक नको, कागद घ्या. कागद नको, उसाच्या चोयट्यांचं घ्या. ही चर्चा ऐकताना मला हा माणूस सारखा आठवतो, कारण अन्न कशात गुंडाळायचं याच्या आधीचा प्रश्न त्यानं विचारला होता.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. आपल्या मराठी माणसांना तंजावर म्हटलं की भोसल्यांची गादी आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. त्याच गावातल्या एका तमिळ ख्रिस्ती घरातला हा मुलगा. वडील सरकारी बांधकाम खात्यात. घरात शिस्त, प्रार्थना, इंग्रजी शिक्षण. पुढे लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले. पहिल्या महायुद्धाची वर्षं त्यांनी तिकडेच काढली. परत आल्यावर मुंबईत स्वतःची फर्म काढली. सूट-बूट, चांगली प्रॅक्टिस, पैसा. एवढ्यावर थांबले असते तर आज त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिरॅक्यूज, मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे त्यांनी एका चर्चमध्ये भारत गरीब का आहे या विषयावर भाषण दिलं. त्याची बातमी पेपरात आली आणि ती त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी वाचली. त्यांनी सुचवलं की याच प्रश्नाचा सार्वजनिक अर्थव्यवहाराच्या अंगानं अभ्यास कर. कुमारप्पा कामाला लागले. ब्रिटिश सरकार भारतातून कर किती गोळा करतं आणि तो कशावर खर्च करतं याचा हिशेब ते मांडत गेले, आणि हिशेब मांडता मांडता त्यांचं मन बदलत गेलं. एखाद्या आकस्मिक साक्षात्कारानं माणूस बदलतो असं आपण संतचरित्रांत वाचतो. इथे ते काम आकड्यांनी केलं.

भारतात परतल्यावर प्रबंध छापायचा होता. कुणीतरी सांगितलं, गांधींना दाखवा. ९ मे १९२९ रोजी कुमारप्पा साबरमतीला पोचले, तेही परदेशी थाटाच्या कपड्यांत. वेळेच्या आधी आले म्हणून आश्रमात फेरफटका मारत होते. एका झाडाखाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा माणूस सूत कातत बसला होता. कुमारप्पा काठी टेकून त्याच्याकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळानं त्या माणसानंच चौकशी केली आणि कळलं की हेच गांधीजी. मग कुमारप्पा आपल्या रेशमी सुटासकट खाली जमिनीवर बसले. प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापून आला. कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकून त्यांनी घराण्याचं कुमारप्पा हे नाव घेतलं ते याच सुमारास.

गांधीजींनी त्यांना लगेच काम दिलं : गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन कुमारप्पा गावोगाव हिंडले. किती जमीन, किती पीक, किती कर्ज, घरात काय शिजतं. मुंबईच्या ऑफिसात कंपन्यांचे ताळेबंद तपासणारा माणूस आता शेतकऱ्याच्या कणगीचा ताळेबंद मांडत होता. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचं खरं वळण साबरमतीला नाही, इथे आहे.

त्यानंतर सत्याग्रह, 'यंग इंडिया'चं संपादन, तुरुंग. १९३० च्या सत्याग्रहाच्या वेळी भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख बिशप वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा कुमारप्पांनी जाहीरपणे त्यांच्याशी वाद घातला. अहिंसेनं लढणाऱ्या माणसांच्या बाजूला उभं राहणं हेच ख्रिस्ती कर्तव्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी धर्म कधी सोडला नाही. पण गोऱ्या राज्याच्या सोयीचा धर्म मात्र त्यांना मान्य नव्हता. पुढे नाशिकच्या तुरुंगातही त्यांनी शिक्षा भोगली.

त्यांच्या काटेकोरपणाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणाला तीन आणे, एवढीच मर्यादा. गांधीजी आपल्या माणसांसह तिथे आले, तेव्हा त्यांचा वरखर्च आणि पेट्रोल निधीतून द्यायला कुमारप्पांनी साफ नकार दिला. लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिलेला पैसा पाहुण्यांवर जाणार नाही, मग पाहुणा कोणीही असो. गांधीजींनी ते मान्य केलं.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं कार्यालय थाटलं आणि कुमारप्पा त्याचे सचिव झाले. इथून पुढची जवळजवळ दोन दशकं हा तमिळ माणूस आपल्या विदर्भात राहिला. मगनवाडीत तेलाची घाणी फिरत होती, मधमाश्या पाळल्या जात होत्या, टाकाऊ कागद आणि चिंध्यांपासून हातकागद बनत होता, रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा 'मगनदीप' तयार होत होता. हरिपुऱ्याच्या अधिवेशनाच्या वर्षीच, ३० डिसेंबर १९३८ रोजी, गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडलं.

आता तांदळाकडे येऊ, कारण अन्न नासणं आणि वेष्टन यांचा सगळा प्रश्न एका तांदळाच्या दाण्यात मावतो.

शेतातून येतं ते भात, म्हणजे साळ. त्याच्यावर तूस असतं. हे तूस चिवट आणि खरबरीत असतं, त्यात सिलिका असते, किड्याला ते सहज पोखरता येत नाही. कोकणात कणगीत भरून ठेवलेलं भात वर्षभर टिकतं ते या तुसामुळे. तूस काढलं की आत हातसडीचा तांदूळ. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर असतो आणि त्या थरात तेल असतं. दाणा सडला, खरचटला, की तेल उघडं पडतं आणि काही महिन्यांत खवट होतं. किडे-पोरकिडेही लवकर लागतात. म्हणून लांबच्या बाजारात पाठवायचा तांदूळ गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत घासतात. कोंडा गेला, तेल गेलं, आता तो पोत्यात कितीही दिवस राहील. पण कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही जातं. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांनी १८९० च्या दशकात पाहिलं होतं की पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगानं लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. त्या कामाबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं, म्हणजे कुमारप्पा गांधीजींना भेटले त्याच वर्षी.

कुमारप्पांचा आणि ग्रामोद्योग संघाचा आग्रह असा की भात तुसासकट साठवा आणि लागेल तसं घरी किंवा गावात कांडा. यात पोषण वाचतं, कांडणाऱ्या बाईची मजुरी गावात राहते, कोंडा गुरांना मिळतो. आजच्या भाषेत सांगायचं तर निसर्गानं दाण्याला दिलेलं पॅकेजिंग शेवटच्या क्षणापर्यंत फोडू नका. आपण आधी ते फोडतो, मग माल टिकावा म्हणून त्यातलं सत्त्व काढतो, मग उरलेल्याला नवं वेष्टन घालतो आणि शेवटी ते वेष्टन कुठे टाकायचं म्हणून परिषदा भरवतो.

टिकाऊ डबाबंद अन्नाचा जन्मसुद्धा लांब पल्ल्याच्या गरजेतून झाला आहे. नेपोलियनच्या काळात निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवून ते टिकवण्याची रीत शोधली. १८१० मध्ये सरकारनं त्याला बारा हजार फ्रँक दिले. या शोधाकडे आधी वळलं ते आरमार आणि सैन्य. घरापासून हजारो मैलांवर माणसं पाठवायची असतील तर असं अन्न लागणारच. प्रश्न एवढाच की रोजची भाजी-भाकरी आपण त्याच पद्धतीनं का खायला लागलो.

कुमारप्पांनी आणखी एक फरक सांगितला, तो मला आजच्या चर्चेसाठी सगळ्यात उपयोगी वाटतो. कोळसा, खनिज तेल, धातू हे पृथ्वीनं भरून ठेवलेलं तळं आहे. आपण उपसतो तेवढं कमी होतं आणि ते कुणाच्या ताब्यात राहणार यावरून लढाया होतात. उलट झाडं, पिकं, पाणी, जनावरं यांतून मिळतं ते वाहता झरा आहे. नीट वापरलं तर दर वर्षी पुन्हा मिळतं. प्लास्टिकची पिशवी तळ्यातली, पळसाची पत्रावळ झऱ्यातली. वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळी उन्हात सुकवून त्यांच्याच वाळक्या पानांत बांधतात, म्हणजे फळही झऱ्यातलं आणि वेष्टनही. नीरेचंही तसंच. ताडाचा रस ऊन चढलं की आंबायला लागतो. मडक्याला आतून चुना लावला की आंबणं लांबतं आणि वेळेत उकळला तर गूळ होतो. ताडगुळाचा ग्रामोद्योग संघानं मोठा प्रचार केला.

माझं घर सुरतला, उधन्यात. आमच्याकडे अजूनही थंडीत सकाळी नीरा मिळते, गुजरातीत 'नीरो'. ती सकाळीच प्यायची, दुपारी मागू नये. तसाच पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. सुरतकर वर्षभर त्याची वाट बघतात, भाजलेला कोवळा दाणा शेवेबरोबर खातात आणि हंगाम संपला की विषय संपतो. काही पदार्थ टिकवायचे नसतात, वेळेवर खायचे असतात, हे शहाणपण या शहराच्या जिभेवर अजून आहे. पण त्याच सुरतेत रस्त्याकडेला चकचकीत पाकिटांचे ढीगही आहेत. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना इतके चिकटलेले असतात की कचरा वेचणारी बाईसुद्धा ते उचलत नाही, कारण भंगारवाला त्याचे पैसे देत नाही. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यात मिठाईच्या खोक्यावरची पारदर्शक फिल्म आहे, म्हणजे आमच्या घारीच्या खोक्यावरचीही. हे वेफर्सचं पाकीट मात्र त्या यादीत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं खेड्यात ठीक आहे. लाखो माणसांच्या शहराला रोज सकाळी दूध कसं पोचवणार? प्लास्टिकच्या पिशवीतच ना? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. चांगलं वेष्टन अन्न वाचवतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न घरांत, हॉटेलांत आणि दुकानांत वाया गेलं, म्हणजे ग्राहकापर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नाचा सुमारे पाचवा भाग. नासलेल्या अन्नाबरोबर ते पिकवायला लागलेलं पाणी आणि माणसाचे कष्टही कचऱ्यात जातात. काही वेळा ग्रॅमभर प्लास्टिक किलोभर अन्न वाचवतं आणि तिथे प्लास्टिकला नुसत्या शिव्या देणं हा अप्रामाणिकपणा आहे. मोठ्या शहरांचं काय करायचं याचं पूर्ण उत्तर कुमारप्पांच्या गावकेंद्री मांडणीत मला सापडत नाही.

पण त्यांच्या लिखाणातून प्रश्नांचा एक क्रम मात्र मिळतो, आणि अकाउंटंटला क्रमाचं महत्त्व कळतं. आधी विचारायचं, हा पदार्थ इतक्या लांबून येण्याची गरज आहे का. मग विचारायचं, तो स्वतःच्या सालीत, तुसात, शेंगेत येऊ शकतो का. मग, बाहेरचं वेष्टन लागणारच असेल तर ते तळ्यातलं की झऱ्यातलं. आणि शेवटी, वापरून झाल्यावर त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर जाणार. आज आपण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बारडोलीच्या आसपास मैलोन् मैल ऊस आहे. देशात आता उसाच्या चोयट्यांपासून ताटं आणि डबे बनतात. उत्तम गोष्ट आहे. पण त्या डब्यात भरलेलं अर्धं जेवण फेकून दिलं जात असेल तर पहिला प्रश्न तसाच उरतो. कुमारप्पा तर असंही मांडत की वस्तू विकत घेणारा तिच्या मागच्या अन्यायाचा भागीदार असतो, जसा चोरीचा माल घेणारा चोरीचा भागीदार होतो. त्यांच्या हिशेबात ग्राहक हा कधी निष्पाप प्रेक्षक नव्हता.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते पुन्हा तुरुंगात गेले, या वेळी जबलपूरला. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर, दुसरं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे शाश्वत अर्थव्यवस्था. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना दिली. 'सस्टेनेबल' हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या कितीतरी आधी, १९४५ च्या सुमाराची ही गोष्ट. ही दोन पुस्तकं एकाच कोठडीत, एकाच माणसानं लिहिली, हे मला योगायोगाचं वाटत नाही. आम्ही चर्चमध्ये पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. पाच हजार माणसं जेवली हा चमत्कार सगळ्यांना आठवतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात पुढे असंही आहे की काहीच फुकट जाऊ नये म्हणून येशूनं उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. जिथे अन्न चमत्कारानं मिळत होतं, तिथेही उरलेल्याचा हिशेब झाला.

स्वातंत्र्य आलं आणि देश दुसऱ्या वाटेनं गेला. हरिपुऱ्याच्या व्यासपीठावरून मांडलेली कल्पना त्याच वर्षी राष्ट्रीय नियोजन समितीच्या रूपानं उभी राहिली होती. नेहरू तिचे अध्यक्ष होते. कुमारप्पा तिच्यात सदस्य म्हणून गेले आणि पटत नाही म्हणून थोड्याच काळात बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, पण सत्तेच्या जवळ ते कधी रमले नाहीत. वर्ध्याजवळच्या सेलडोह गावात त्यांनी काही काळ आश्रम चालवला. मग तब्येत ढासळली आणि ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. लग्न केलं नव्हतं, संपत्ती जमवली नव्हती. त्यांच्या झोपडीत एका गरीब शेतकऱ्याचं चित्र होतं. पाहुण्यांना ते सांगत की आपले गुरू गांधीजी आणि हा शेतकरी गांधीजींचा गुरू. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं. तारीख गांधीजींच्या मृत्यूचीच.

बांबू-गवताचं विठ्ठलनगर अधिवेशनानंतर मोडलं गेलं. त्याचं सामान मातीत मिसळून जाणारं होतं, त्यामुळे त्याचा कचरा आज तापीच्या काठावर सापडणार नाही. मागच्या महिन्यात आपल्या फेस्टला दोन दिवसांत किती ताटं वापरली गेली आणि त्यांतली किती भरलेली परत आली, हे आपल्यापैकी कुणी मोजलं नाही. पुढच्या वर्षी ताटं कशाची आणायची याची चर्चा कमिटीत होईलच. त्याआधी कोणीतरी वही-पेन घेऊन किती जणांचा स्वयंपाक सांगायचा हे नीट ठरवावं, एवढीच या अकाउंटंटच्या वतीनं माझी सूचना.